चिमीचा फोटो

शेवटचा खिळा गंजून लाकडात रुतून बसला होता. एक्सरेताईने पकडीचं टोक त्याच्या डोक्याखाली सरकवलं, श्वास रोखला आणि तो हळूहळू वर ओढून बशीत टाकला.

"काच फुटली तरी चालेल," समोरून काकू म्हणाली, "पण फोटोला ओरखडा आला तर पुन्हा या घराची पायरी चढू देणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"काकू, मी उभी नोकरी लोकांची हाडं बघण्यात काढली. एकाचंही मोडलं नाही."

"तुझ्याकडे यायची ती मोडलेलीच यायची. त्यात आणखी काय मोडायचं राहिलं होतं?"

ताई हसली. काकूला ऐकायला कमी येत असे, गुडघे दाद देत नसत, पण जीभ अजून शाबूत होती. मागचा पुठ्ठा सैल झाला तशी मात्र काकू गप्प झाली आणि खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली. हा फोटो तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवरून आजवर कधी उतरला नव्हता. घराला रंग देतानाही रंगाऱ्याला तिने फोटोच्या कडेकडेने ब्रश फिरवायला लावला होता, अशी तिच्या मुलाची तक्रार होती.

ताईला घरात एक्सरे म्हणायचे ते दोन कारणांनी. एक म्हणजे ती रुग्णालयात क्ष-किरण विभागात होती. दुसरं म्हणजे तिच्या नजरेतून काही सुटत नसे. निवृत्त झाल्यावर तिच्या दादाच्या डोक्यात घराण्याचा इतिहास काढायचं खूळ शिरलं. कल्पना दादाची आणि पायपीट हिची. दादा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. तो फोनवरून सूचना द्यायचा आणि ही पिशवीत स्कॅनर घालून नात्यातल्या घराघरांतून ट्रंका उपसत फिरायची. जुने फोटो, शाळेचे दाखले, वर्तमानपत्रांची कात्रणं असं जे मिळेल ते सगळं. पण मिळेल ते ठेवायचं मात्र नाही. तिचा एक नियम होता. फोटोतला माणूस कोण, हे दोन जणांनी एकमेकांना न विचारता सांगितलं पाहिजे. दोन साक्षी जुळल्या तर फोटो पुस्तकात, नाहीतर 'अनोळखी' नावाच्या पाकिटात. त्या पाकिटात आतापर्यंत बरेच थोर लोक जाऊन पडले होते.

आतेभावाने तर त्यावरून बोलणंच टाकलं होतं. त्याच्याकडे पोहण्याची शर्यत जिंकलेल्या कुणा मिशीवाल्याचं कात्रण होतं. ते आपले आजोबा, असं तो तीन पिढ्यांना सांगत आला होता. ताईने भिंग लावलं आणि म्हणाली, आजोबांच्या डाव्या करंगळीचं पेर लहानपणीच तुटलं होतं, या माणसाची तर पाचही बोटं धडधाकट आहेत. झालं! आजोबा पाकिटात गेले. "नाकाने कांदे सोलते," असं आतेभाऊ सगळ्यांना सांगत सुटला. ताईला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. खोटा आजोबा असण्यापेक्षा नसलेला बरा, असं तिचं सरळ मत होतं.

काकूने मात्र आधी दारच लावून घेतलं होतं. फोटो घराबाहेर जाणार नाही, म्हणजे नाही. मग मागच्या आठवड्यात तिनेच फोन केला.

"ये ते तुझं यंत्र घेऊन," म्हणाली. "मी आता किती दिवसांची? माझ्यामागे चिमीला ओळखणारं कोण आहे? माझा मुलगा तिच्यामागून झाला, त्याने तिला भिंतीवरच पाहिली. मी गेले की तीसुद्धा अडगळीत जाईल. पुस्तकात तिला पान दे. अख्खं पान हं. कुणाच्या तरी कोपऱ्यात नको."

म्हणून ताई आज आली होती. पानं उद्या छापखान्यात जायची होती आणि चिमीचं तेवढं पान कोरं होतं.

तिने हातमोजे चढवले, पुठ्ठा काढला, जुना पिवळा कागद बाजूला केला आणि फोटो दोन्ही हातांनी उचलला. दोन-अडीच वर्षांची मुलगी स्टुडिओतल्या मोठ्या खुर्चीत बसलेली. गडद झगा, केसांत रिबिन, पाय अधांतरी. मान किंचित वळलेली आणि नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कशावर तरी खिळलेली. फोटोच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कोण आहे?" ताईने नेहमीच्या पद्धतीने विचारलं.

"आता हे मला विचारणार तू?"

"सगळ्यांना विचारते, काकू. नियम म्हणजे नियम."

"चिमी. माझी मुलगी. तापाने गेली. आणि सांगणारी मी, तिची आई. लिही."

"दुसरं कोणी ओळखणारं?"

"सगळे वर गेले. जा, विचारून ये." काकू टेबलाचा आधार घेत उठली. "मी चहा टाकते. तोवर तिला पुन्हा नीट चौकटीत घाल. मला ती भिंत तशी उघडी बघवत नाही."

काकू पाय ओढत आत गेली. ताईने फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. खालून उजेडाची पट्टी सरकत गेली आणि थोड्या वेळाने चिमी पडद्यावर आली.

आता धूळ काढायची, डाग पुसायचे. हे काम ताईला मनापासून आवडायचं. तिने चित्र मोठं केलं आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली. पडदा, जमीन, खुर्चीचा पाय. ही खुर्ची तिला पाठ होती. दादाचा लहानपणीचा फोटो त्याच स्टुडिओतला, त्याच खुर्चीतला. तो साफ करण्यात तिचा मागचा आठवडा गेला होता. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांना लाकडात कोरलेले पक्षी होते आणि त्यातल्या एकाची चोच तुटलेली होती. दादाचा उजवा हात नेमका त्या तुटक्या चोचीवर होता.

चिमीच्या फोटोत तुटकी चोच तिच्या डाव्या हाताशी होती.

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. दादाचा फोटो काढून शेजारी ठेवला. तुटलेला टवका तोच, त्याच आकाराचा. फक्त बाजू बदललेली. खुर्चीचे हात काही अदलाबदल होत नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं आणि तिला जरा हसूही आलं. उलटा छापलाय! निगेटिव्हची काच उलटी ठेवली असणार फोटोवाल्याने. हे तिच्या रोजच्या कामातलं होतं. फिल्म उलटी लावली की माणसाचा डावा हात उजवा होऊन बसतो. म्हणून तर प्रत्येक फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवायचं, बाजू कळावी म्हणून. एका नव्या डॉक्टरने एकदा फिल्म उलटी लावून, या माणसाचं हृदय उजवीकडे आहे, अशी गर्जना केली होती आणि अख्खा विभाग जमवला होता. 'आधी बाजू बघा, मग बोला,' हे ताईने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. इतकी वर्षं चिमी बिचारी उलटी टांगलेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. सरळ करून देऊ, म्हणून तिने बटण दाबलं.

चित्र फिरलं. आता मुलगी दुसरीकडे बघत होती. आणि इतका वेळ उजवा वाटलेला तिचा कान आता डावा झाला होता.

डावा कान. वरची कड आत दुमडलेली, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी.

ताईचा हात आपोआप स्वतःच्या केसांखाली गेला. तिथे तीच कड होती. जन्मापासूनची. आई कायम तिचे केस त्या कानावरून विंचरायची.

चुलत बहिणीचा कानही असा असू शकतो, तिने स्वतःला बजावलं. रक्त एकच आहे. उगाच वाटेल तसा निष्कर्ष काढू नकोस. तिने झग्यावर चित्र आणखी मोठं केलं. झग्याचा गडद रंग सपाट होता, कापडाला येते तशी छाया त्यात नव्हती. ब्रशने भरलेला रंग होता तो. रिबिनही तशीच काढलेली. तिने उजेड वाढवला, गडद भाग फिका करत नेला, हाडातली बारीक चीर शोधताना करायची तसा. रंगाच्या खालून हळूहळू चौकडा वर आला. बारीक चौकडा, दुहेरी रेघेचा.

दादाच्या फोटोतल्या सदऱ्याचा चौकडा तोच होता. आई सांगायची, एकाच कापडातून दादाचा सदरा आणि तुझा झगा शिवला होता, उरलेल्याची माझी पिशवी झाली.

आतून कपबशांचा आवाज येत होता. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

घरातल्या अल्बममध्ये दादाचे फोटो पानंच्या पानं होते. पालथा पडलेला दादा, उभा राहिलेला दादा, खुर्चीतला दादा. ताईचा पहिला फोटो थेट शाळेच्या गणवेशातला. त्याआधीची ती कशी दिसायची हे कुठेच नव्हतं. लहानपणी तिने विचारलं होतं, दादाचा काढला त्या दिवशी माझा का नाही काढला? आई म्हणाली होती, "तू रडत होतीस. फार रडलीस, म्हणून राहिला." पुढे मोठेपणी भांडणात तिने हेच आईला ऐकवलं होतं. मुलाचे काढलेत, मुलीचे कशाला काढाल! आई तेव्हाही एवढंच म्हणाली, रडत होतीस गं तू. ते ऐकून ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो सल गेला नव्हता. खरं सांगायचं तर पुस्तकात आपल्या पानावर ती जागा तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती. बघू देत लोकांना.

आणि पडद्यावरच्या मुलीच्या डोळ्यांत रडण्याचं नाव नव्हतं. गाल कोरडे होते. ती कुतूहलाने कशाकडे तरी बघत होती.

आधी राग आला. माझा फोटो! एकुलता एक, आणि तो असा देऊन टाकला? मला न विचारता? मग, दोन-अडीच वर्षांच्या पोरीला काय विचारायचं होतं, हेही लक्षात आलं. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि राग कुठच्या कुठे गेला. तेव्हा काका-काकू त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होते. काकू रोज खाली यायची. अल्बम बैठकीच्या खोलीतच असायचा. आईने हा फोटो दिला, तेव्हा स्वतःसाठी त्याची प्रत ठेवलीच नाही. आणि मुलगी त्या वयातून पुरती बाहेर पडेपर्यंत तिचा दुसरा फोटोही काढू दिला नाही. कुणीतरी दोन फोटो शेजारी ठेवील, या भीतीने. आणि त्या बदल्यात जन्मभर पोरीचे टोमणे खाल्ले. ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता आईसमोर जाऊन बसावं. पण आता ते कुठून व्हायचं.

फोन वाजला. दादा.

"काय एक्सरे, झालं का चिमीचं? छापखानेवाला माझ्या मानेवर बसलाय."

"करतेय."

"आणि हे बघ, तुझं पान फारच ओकंबोकं दिसतंय. पहिलाच फोटो शाळेतला. लोक म्हणतील ही दप्तर घेऊनच जन्माला आली."

एरवी तिने त्याला चांगलंच झाडलं असतं. आता म्हणाली, "असू दे."

"बरी आहेस ना? आणि ऐक, चिमीच्या फोटोला साक्षीदार एकच आहे. मला तर ती काही आठवत नाही. आतेभाऊ टपून बसलाय हं. म्हणेल, आमचे आजोबा हाकलले आणि घरच्यांना नियम नाही होय?"

"आहे दुसरा साक्षीदार."

"कोण?"

"आहे म्हटलं ना. ठेव आता." तिने फोन बंद केला.

खोटा माणूस असण्यापेक्षा नसलेला बरा. हे वाक्य तिचंच होतं आणि आता ते तिच्यावरच उलटलं होतं. खरं लिहायचं तर आत काकूला जाऊन सांगावं लागणार, की तू उठल्या उठल्या जिचं तोंड बघतेस ती तुझी मुलगी नाही. नव्वदीला टेकलेल्या बाईला! जिच्याकडे लेकीची म्हणून एवढी एकच वस्तू आहे तिला. नाही. ते ताईच्याने होणार नव्हतं. आतेभाऊ गेला उडत, आणि नियमही.

काकू ट्रे घेऊन दारात आली. ताईने घाईघाईने बटण दाबलं. मुलीने मान फिरवली आणि ती पुन्हा भिंतीवर होती तशी झाली.

"कोण गं दुसरा साक्षीदार?" काकूने ट्रे टेबलावर ठेवला. नको ते तिला बरोबर ऐकू यायचं. "मला सोडून चिमी आठवणारं कोण उरलंय?"

"मी."

"तू? तू तिच्याएवढीच होतीस. काही महिन्यांचा फरक. तुला काय कपाळ आठवणार!"

"आठवत नाही. पण मी होतेच की त्या घरात. लिहिते माझं नाव. तेवढं पुरे."

काकू पडद्यासमोर वाकली, पदार्थ करपलाय का बघावं तशी, आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी आले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती," ती म्हणाली. "आता दाराकडे बघतेय."

"ते यंत्रात होतं कधी कधी."

"तुझ्या यंत्राला होत असेल. तुझा चेहरा का उतरलाय?"

ताईने कपाला हात लावला आणि परत काढून घेतला. तिला खोटं बोलण्याची सवय नव्हती. रुग्णालयातही, काय दिसतंय हो, असं कुणी विचारलं की ती खाली मान घालून, डॉक्टर सांगतील, म्हणायची. इथे डॉक्टर कुठून आणायचा?

"फिरव बघू पुन्हा," काकू म्हणाली.

"राहू दे ना, काकू."

"फिरव म्हणते ना."

ताईने बटण दाबलं. काकूने पडद्याकडे न बघता ताईच्या डाव्या कानावरचे केस दोन बोटांनी मागे सारले, बघितलं आणि पुन्हा जागच्या जागी आणून ठेवले. मग ती खुर्चीत बसली.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे उलटा केला होता तर. तरीच मला कळायचं नाही, की हा कान इकडे कसा."

ताई तिच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"काय बोलतेस तू? आईला आपलं मूल ओळखता येत नाही होय?"

"मग इतकी वर्षं..."

"तुझ्या काकांनी आणला तो. चिमी जाऊन महिना झाला असेल. मी जेवत नव्हते, बोलत नव्हते. कागदात गुंडाळून आणला आणि म्हणाले, बघ, पोरांना घेऊन गेलो होतो त्या दिवशीचा तिचा एक निघाला स्टुडिओत. सगळे माझ्याभोवती उभे. तुझे वडील, तुझे काका. तुझी आई दारात, तुला कडेवर घेऊन. मी फोटो बघितला आणि तुझ्या आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली." काकूने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "एवढ्या माणसांनी एवढा खटाटोप केला होता गं माझ्यासाठी. मी काय म्हणणार? म्हटलं, हो, चिमीच आहे. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी जेवले त्या दिवशी."

"आणि काका? त्यांना माहीत होतं का, की तुला कळलंय?"

"कोण जाणे. ते जाईपर्यंत आम्ही त्यावर बोललोच नाही. ते मला सांभाळत होते, मी त्यांना."

"आई?"

"तिला माहीत होतं. पण तीही बोलली नाही आणि मीही नाही. तू तिला फोटोवरून टाकून बोलायचीस तेव्हा एकदा मी वर जिन्यात उभी होते. वाटलं, खाली यावं आणि सांगावं हिला. पाय उचलला नाही. तिने माझ्यासाठी ऐकून घेतलं ते सगळं."

ताईचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत. "मी रडत होते म्हणून काढला नाही, असं सांगायची मला."

"तू? तू कसली रडतेस! तू फोटोवाल्याच्या पिंजऱ्यातल्या पोपटाकडे बघत बसली होतीस. रडत होती ती चिमी. स्टुडिओच्या दारातच भोकाड पसरलं. काही केल्या खुर्चीत बसेना. फोटोवाला वैतागला. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी काढू." काकू थांबली. "पुढच्या वेळी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघींचाही चहा तसाच होता.

"हा तुझ्या पानावर लाव," काकू म्हणाली.

"काकू, नको. मला खरंच नको. तो तुझा आहे."

"भिंतीवरचा भिंतीवर राहील. त्या पोरीने मला जगवलंय, तिला मी उतरवणार नाही. पण पुस्तकात तुझ्या आईने दिलेलं तिला परत मिळू दे. सरळ करून लाव, कान आपल्या बाजूला येईल असा."

"आणि चिमीचं पान?"

काकूने बोटाला गुंडाळलेलं शालीचं टोक सोडवलं.

"काढून टाक," ती म्हणाली. "तिचा फोटोच नाही तर पानावर काय लावणार? तुझा नियमच आहे ना. माझ्याबरोबर जाईल ती, दुसरं काय. कधीतरी जायचीच होती."

ताईने पडद्यावरचं कोरं पान उघडलं. वर फक्त 'चिमी' एवढंच होतं. पुसायचं बटण बोटाखाली होतं. तिने बोट तिथे ठेवलं, मग उचललं आणि खुर्ची काकूकडे वळवली.

"काकू, चिमी दिसायची कशी?"

काकूने तिच्याकडे पाहिलं. जणू तिला भलतंच काहीतरी ऐकू आलं होतं.

"काय?"

"दिसायची कशी चिमी?" ताई मोठ्याने म्हणाली.

"हे मला कुणी विचारलंच नाही कधी," काकू हळूच म्हणाली. "फोटो होता ना समोर. कोण विचारतंय? माझा मुलगाही लहानपणी फोटोकडे बोट दाखवून म्हणायचा, ताई. मी म्हणायची, हो, ताई. मग मीसुद्धा बोलायचं सोडलं."

"आता बोल. मी लिहिते."

"फोटोशिवाय?"

"फोटोशिवाय."

काकूने डोळे मिटले. सुरुवातीला काहीच आलं नाही. ताईला भीती वाटली, की इतक्या वर्षांत भिंतीवरच्या पोरीने आतल्या पोरीला पुसून टाकलं असेल.

"सावळी होती," काकू म्हणाली. "माझ्यावर गेली होती. केस कुठले आलेत, नुसती लव. रिबिन बांधायची म्हटली तर कशाला बांधणार! फोटोवाल्याला ते काय माहीत." तिला हसू फुटलं आणि ते तिचं तिलाच अनोळखी वाटलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. "नाक बसकं. झोपली की एक डोळा थोडा उघडा राहायचा. मी बोटाने मिटायची, की पुन्हा उघडा. आणि पायात दोन मोजे कधी ठेवले नाहीत तिने. एक काढून फेकायचीच. चालायची कशी माहितीये? तुझ्या आजोबांसारखी, हात पाठीमागे बांधून. एवढंसं पोर, आणि खोलीतून अशी फिरायची, जशी काही घरभाडं वसूल करायला आलीय."

ताई भराभर लिहीत होती. "हळू, काकू. पुढे?"

"कपाळ. कपाळ होतं तिचं... काय लिहिलंस तू आतापर्यंत? वाच बघू."

ताईने सगळं वाचून दाखवलं. रंग, केस, नाक, डोळा, मोजा, चालणं. शेवटी म्हणाली, "कपाळ मोठं."

"मोठं नाही. मोठं मी कधी म्हटलं?" काकू एकदम करड्या आवाजात म्हणाली. "रुंद. आणि मधे जरासं खोलगट, अंगठा टेकवावा एवढंच. भलतंसलतं लिहू नकोस."

ताईने 'मोठं' पुसलं. 'रुंद' लिहिलं, 'मधे जरासं खोलगट' लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. काकू डोळे मिटून ऐकत होती. तिच्या मांडीवरच्या हाताचा अंगठा हवेतच कुठेतरी हळूच टेकला.

"हां," ती म्हणाली. "हीच."